कामगार नसून सासू

पत्र आलं तेव्हा मी हत्तीच्या सोंडेत कापूस भरत होते. सोंड भरणं वाटतं तितकं सोपं नाही. कमी भरली तर हत्ती आजारी दिसतो, जास्त भरली तर कोणाच्या तरी अंगावर धावून निघाल्यासारखा दिसतो. मधलं माप हाताला सापडलं रे सापडलं की दारावरची बेल वाजते, असा माझा अनुभव आहे. तशी ती वाजली. पोस्टमनने कागदावर सही घेतली. सही घेऊन जे पत्र देतात ते चांगलं नसतं एवढं मला कळतं, म्हणून मी आधी सोंड शिवून टाकली आणि मग पाकीट फोडलं.

'आपल्या आस्थापनेतील एक महिला कामगार कामावर असताना जखमी झाल्याची माहिती या कार्यालयास प्राप्त झाली आहे. आपल्या कामगारांचा नुकसानभरपाई विमा उतरविलेला आहे किंवा कसे, याचा लेखी खुलासा विहित मुदतीत करावा.'

आस्थापना! मी खोलीभर नजर फिरवली. आमची आस्थापना म्हणजे घरातली मागची खोली. तिच्यात दोन शिवणयंत्रं, पूर्वी ज्यावर आम्ही जेवत होतो ते कापडं कापायचं टेबल, कापसाची पोती, आणि भिंतीला लागून फळीवर ससे, अस्वलं, माकडं आणि हत्ती. कापडी खेळणी करून दुकानाला पुरवते मी. शिकवलं कोणी नाही. एक जुनं अस्वल उसवून पाहिलं आणि परत शिवता आलं, तेवढंच माझं शिक्षण. अशा खोलीला कोणी आस्थापना म्हटलं की पदर सावरून बसावंसं वाटतं. पण पुढचा शब्द 'जखमी' होता.

"कोण हो जखमी?" मी विचारलं.

दुसऱ्या यंत्रावरच्या टेलरबाईंनी पायडल थांबवलं. माझ्याकडे पगारी कामाला त्या एकट्याच. त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. "माझी बोटं बघून घ्या ताई. सगळी जागच्या जागी आहेत."

मग आम्ही दोघींनी एकदमच खिडकीकडे पाहिलं. खिडकीशी सासूबाई बसल्या होत्या. उजव्या अंगठ्याला पांढरीशुभ्र पट्टी, मांडीवर हत्ती, आणि तोंडात दोरा. दोन खोल्या पलीकडे कोणी डब्याचं झाकण उघडलं तरी यांना ऐकू जातं. आत्ता मात्र त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

डोळे लावणं हे सासूबाईंचं खातं. काळी चकचकीत बटणं असतात, ती लांब सुईने डोक्यातल्या कापसातून दोरा ओढून घट्ट बसवायची. न्याहारी झाली की त्या चष्मा पुसून खिडकीशी बसतात आणि एकेक प्राणी हातात घेऊन आधी त्याचा चेहरा नुसता बघत राहतात. मग डोळा लावतात. त्यांच्या हातचे प्राणी जरासे काळजीत पडलेले दिसतात, पण आपल्यावर विश्वास टाकून बसल्यासारखे. दुकानदार म्हणतो, मुलं तेच उचलतात. तर असाच एक डोळा लावताना सुई अंगठ्यात घुसली होती, आणि मी त्यांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं होतं.

"आई," मी म्हटलं, "त्या दिवशी मी औषधं आणायला गेले, तेव्हा दवाखान्यातल्या मुलीने तुम्हाला काही विचारलं का?"

"विचारलं की. गुणाची पोर आहे. सगळं नीट विचारून लिहून घेतलं."

"काय काय विचारलं?"

"नाव विचारलं, वय विचारलं. मग म्हणाली, आजी, तुम्ही काय करता? आता तूच सांग, एवढी मोठी पट्टी बांधून घेतल्यावर मी म्हणू का, काही करत नाही?"

"मग काय म्हणालात?"

"नोकरी."

टेलरबाईंनी तोंडात धरलेल्या टाचण्या आधी काढून ठेवल्या आणि मग हसल्या. अनुभवी बाई आहेत.

"कुठे, म्हणाली. खेळण्यांच्या कारखान्यात, म्हटलं. कसं लागलं, म्हणाली. कामावर लागलं, म्हटलं." सासूबाईंनी दोरा कडकन तोडला. "यातलं खोटं काय होतं तेवढं सांग."

खोटं काहीच नव्हतं. तेच तर सरकारला पोचलं होतं.

संध्याकाळी हे आले. आमचे हे एका कचेरीत आवक-जावक सांभाळतात. म्हणजे जगाची पत्रं यांच्या शिक्क्याखालून जातात, पण यांना स्वतःला आजवर कोणी पत्र पाठवलेलं नव्हतं. त्यांनी ते उभ्याने वाचलं, बसून वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की मला आमच्या लग्नाचा फोटो आठवला. त्या फोटोतसुद्धा इतकं नाहीये.

"खुलासा मागितलाय," हे म्हणाले. "कारवाई नाही. कारवाईच्या आधीची पायरी."

"मग आता?"

"खुलासा द्यायचा. असा द्यायचा की वाचणाऱ्याला पुढे काही विचारायची इच्छाच राहू नये."

तेवढ्यात तळमजल्यावरचे मामा वर आले. हे कोणाचेच मामा नाहीत, म्हणून सगळ्या इमारतीचे आहेत. तरुणपणी सायकलचोरीच्या एका खटल्यात त्यांची साक्ष झाली होती, तेव्हापासून कायदा त्यांच्या घरचा. सरकारी पत्राचा वास त्यांना जिन्यातूनच येतो.

"वहिनी, पहिली गोष्ट," मामा खुर्ची ओढत म्हणाले, "काही म्हणजे काही कबूल करू नका."

"मामा, कबूल करण्यासारखं काही नाहीच आहे."

"हेसुद्धा कबूल करू नका."

मग दोघं कामाला लागले. त्यांचा उत्साह बघून मला त्यांना चहाशिवाय दुसरी काही मदत करता येईना. शेवटी मसुदा तयार झाला, आणि ह्यांनी तो बातम्या वाचतात तसा वाचून दाखवला. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर जखमी व्यक्ती ही कामगार नसून सासू आहे.'

"वा!" मामा म्हणाले. "पण एक शब्द घाला. विरंगुळा."

तो घातला. मग त्याच्यामागून आणखी आले. 'वार्धक्यात विरंगुळा म्हणून त्या प्राण्यांना डोळे लावतात. सदर डोळे त्यांनी लावले अथवा न लावले तरी आस्थापनेच्या उत्पादनात फरक पडत नाही.' मी हे वाक्य ऐकलं. चहा उतू जात होता म्हणून अर्धंच ऐकलं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण पूर्ण ऐकलं होतं. वाटलं, कागदावरची भाषा आहे, कागदावरच राहील. सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेलरबाई कपडा कापता कापता सहज विचारावं तसं म्हणाल्या, "ताई, आजी कामगार नाहीत. म्हणजे कामगार मी एकटी. मग माझा विमा आहे का?"

"उतरवायचाय," मी म्हटलं.

"म्हणजे आजींच्या अंगठ्याने चौकशी लावली नसती तर?"

मी पोत्यातला कापूस पिंजायला घेतला. तो आधीच पिंजलेला होता. टेलरबाईंनी कात्री जरा मोठ्याने वाजवली. तेव्हा मी ताबडतोब विमा कंपनीला फोन लावला.

फोनवरच्या मुलाने अत्यंत आदराने चौकशी सुरू केली. "मॅडम, कारखान्यात भट्टी आहे?"

"नाही."

"रसायनं? उंचावरचं काम?"

"वरच्या फळीवरून ससा काढायला स्टुलावर चढावं लागतं."

त्याने ते लिहून घेतलं बहुतेक. "सर्वात धोकादायक यंत्र कोणतं?"

मी खोलीकडे पाहिलं. "कात्री."

"इलेक्ट्रिक?"

"हातातली."

तो पलीकडे थोडा हिरमुसला. मग म्हणाला की विमा होईल, पण कामगार नक्की किती आणि कोण हे सरकारी कार्यालयातून एकदा स्पष्ट करून आणा. म्हणून खुलासा घेऊन मी स्वतःच कार्यालयात गेले.

खिडकीतल्या गृहस्थांनी ह्यांचा मसुदा वाचला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते; पुढे काही विचारायची इच्छा मेल्याचं लक्षण दिसेना. ते म्हणाले, "घरच्या माणसाला यातून वगळता येतं, बाई. पण त्यांची स्वतःची सही लागते." आणि एक छापील कागद सरकवला. त्यावर एकच ओळ होती: 'मी सदर आस्थापनेत कोणतेही काम करीत नाही व करणार नाही.'

"आणि तपासणीला आमचं माणूस येईल," ते म्हणाले. "तेव्हा त्या काम करताना दिसता कामा नयेत."

"चुकून दिसल्या तर?"

"चुकून कोणी हत्तीला डोळे लावतं का?"

मी कागद पिशवीत घातला. घरी येताना रस्ताभर मी वाक्य जुळवत होते. 'आई, इथे जरा सही करा हो' हे वाक्य कसंही म्हटलं तरी सहज वाटत नाही, करून बघा.

संध्याकाळी कागद पुढे केला. सासूबाईंनी चष्मा लावला. त्यांनी ओळ मोठ्याने वाचली. मग कागद उलटला, तर मागे आमच्या खुलाशाची प्रत टाचलेली. ती मी काढून ठेवायला हवी होती. तीही त्यांनी वाचली, मोठ्याने, प्रत्येक शब्द सुटा सुटा. 'विरंगुळा' या शब्दाशी थांबल्या.

"हे कोणी घातलं?"

ह्यांनी जिन्याकडे बोट दाखवलं, म्हणजे मामांच्या घराकडे. मी ह्यांच्याकडे दाखवलं. टेलरबाई घरी गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी माझ्याकडे दाखवलं असतं.

"लावले न लावले तरी फरक पडत नाही," सासूबाई पुन्हा म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सुई टोचणीच्या उशीत खोचली, बटणांचा डबा बंद केला आणि उठल्या. "बरं. मग नाही लावत."

"आई, नुसतं कागदापुरतं आहे ते," हे म्हणाले. "सही करून टाक, म्हणजे मिटलं."

"काम बंद करते, रे. ते तुमच्या हातात आहे. पण मी काम करतच नव्हते असं लिहून देणार नाही. ते माझ्या हातात आहे."

आणि त्यांनी चष्मा काढून, एरवी हाताशी ठेवतात तसा नव्हे, झोपताना ठेवतात तसा पेटीत ठेवला.

त्यानंतरचे दिवस काही चांगले नव्हते. सासूबाई सज्जात बसायच्या. घडी घातलेले कपडे उलगडून पुन्हा घडी घालायच्या. ह्यांना आईची फार काळजी, येता जाता विचारायचे, "आई, गोळी घेतलीस? आई, वारा लागतोय का? आई, पडायचंय का जरा?" शेवटच्या प्रश्नाला त्या होय म्हणाल्या, आणि भर दुपारी जाऊन खरंच झोपल्या. दुपारी झोपणाऱ्या माणसांबद्दल सासूबाईंचं मत काय आहे ते आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. मी दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. पाठ जागी होती.

"ताई, आजी वाळत चालल्यात," टेलरबाई म्हणाल्या.

"मला दिसत नाही का?"

"दिसतं, पण तुमचे डोळे आता हत्तीला लावण्यात गुंतलेत ना."

ते खरं होतं. डोळे मी लावत होते. बटणं तीच, दोरा तोच, जागा मोजपट्टीने मोजून. पहिलं अस्वल झालं ते कोणीतरी त्याला आत्ताच पोलिसांत दिल्यासारखं दिसत होतं. ससे एकमेकांवर संशय घेत होते. एका हत्तीचे डोळे इतके जवळ आले की तो काहीतरी विसरला आहे आणि ते काय हेही विसरला आहे असं वाटे. टेलरबाई म्हणाल्या, अंतर वाढवा. वाढवलं. मग तो दोन वेगवेगळ्या रस्त्यांवर लक्ष ठेवू लागला.

तरी माल पाठवला. दुपारपर्यंत दुकानदाराचा फोन. "बाई, तब्येत बरी आहे ना घरात सगळ्यांची?"

"का हो?"

"नाही म्हणजे, हे अस्वल. मी गल्ल्यावर बसलो की माझ्याकडेच बघतं. आत्ता त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलंय. एक छोटी मुलगी त्याला बघून रडली, तिची आई मला बोलून गेली. आधीचे कोण करायचं?"

संध्याकाळी दुकानातला मुलगा ते अस्वल परत देऊन गेला, तेव्हा ते घेऊन मी सज्जात गेले. सासूबाईंच्या शेजारी जमिनीवर बसले. काय बोलायचं ते जुळवून आणलं होतं, पण मामांना आणि ह्यांना जे जमतं ते मला जमत नाही. मी नुसतं ते परत आलेलं अस्वल त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी त्याला नीट पाहिलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "याला काय झालं?"

"मी झाले."

त्या हसल्या नाहीत, पण अस्वलाच्या कानावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मला एक सांग, सूनबाई. कागद-बिगद राहू दे. मी करत होते ते काम होतं का नव्हतं?"

"होतं."

"मग तसं लिही ना."

"तसं लिहिलं तर पगार द्यावा लागेल, नेमणूक दाखवावी लागेल, हजेरी, विमा..."

"लिही की मग. शाई संपली का?"

रात्रीच्या जेवणाला मी जाहीर केलं की आई आता रीतसर कामाला लागणार. ह्यांचा घास हातात राहिला. "माझी आई? माझ्या घरात? मजूर? लोक काय म्हणतील!"

"तू गप्प बस रे," सासूबाई म्हणाल्या. "तुला कचेरीत चिकटवून घेतलं तेव्हा मी विचारलं का, लोक काय म्हणतील?"

ह्यांनी घास खाली ठेवला. ताटातलं मीठ बोटाने इकडून तिकडे केलं. शेवटी म्हणाले, "नेमणूकपत्राचा मसुदा मात्र मीच करणार." आणि केला. त्यात 'परिविक्षाधीन कालावधी' होता, म्हणजे सुरुवातीचे काही महिने काम समाधानकारक न वाटल्यास काढून टाकता येईल. स्वतःच्या आईला! मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले, "त्याशिवाय नेमणूकपत्र दिसतच नाही." सासूबाईंनी ते कलम वाचलं आणि म्हणाल्या, "राहू दे. बघू कोण कोणाला काढतं."

पगाराचं बोलणं सासूबाई, मी आणि टेलरबाई अशा तिघींत झालं. टेलरबाई कामगारांच्या बाजूने बसल्या. प्राण्यामागे द्यायचे की डोळ्यामागे, यावर बरीच ओढाताण झाली. डोळ्यामागे ठरलं. मग टेलरबाई म्हणाल्या, "आणि ते डोळा मारणारं माकड? त्याचा एकच बटणाचा."

"मिटलेला डोळा दोऱ्याने काढावा लागतो," सासूबाई म्हणाल्या. "तो जास्त अवघड. त्याचे दुप्पट."

मी मान्य केलं. नफ्याची मला फारशी समज नाही, पण माणूस पुन्हा जेवायला लागलेलं मला कळतं. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या होत्या.

ह्यांना सर्वात जड गेला तो दुसरा खुलासा. 'पूर्वीचा खुलासा रद्द समजावा. सदर सासू ही कामगारही आहे.' आजवरच्या नोकरीत त्यांनी लिहिलेलं पत्र कोणी मागे घेतलं नव्हतं. पेन हातात धरून ते खिडकीबाहेर बघत राहिले, एखाद्याने झेंडा उतरवताना बघावं तसे.

आणि मग तपासनीस बाई आल्या. खांद्याला जड पिशवी, पायात झिजलेल्या चपला, आणि चेहऱ्यावर सकाळपासून चार आस्थापनांमध्ये ऐकलेली उत्तरं. खोलीत पाऊल टाकलं आणि शिंकल्या. आमच्या हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. आम्हाला सवय आहे. त्यांना नव्हती. तेव्हापासून सगळी तपासणी शिंकांच्या मधल्या जागेत झाली.

"प्रथमोपचार पेटी?" त्यांनी विचारलं.

मी बिस्किटांचा जुना डबा उघडून दाखवला. त्यात पट्टी, मलम, आणि माकडाच्या शेपट्या निघाल्या. शेपट्या मी घाईने काढल्या.

ह्यांनी त्या दिवशी कचेरी बुडवली होती. मामाही मदतीला वर आले होते. ते दारातूनच म्हणाले, "आमच्या अशिलाला यावर काही बोलायचं नाही."

"हे कोण?" तपासनीस बाई.

"मामा," मी म्हटलं.

"तुमचे?"

"कोणाचेच नाहीत."

त्यांनी मामांना बाहेर खुर्ची द्यायला सांगितलं. आजवर हे कोणाला जमलं नव्हतं; त्यांच्याविषयी माझा आदर वाढला. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून, मांडीवर ससा. मी खुणेने सुचवलं की बाईंना चहा विचारा. त्यांनी मोठ्याने उत्तर दिलं, "मी कामावर आहे. तू कर."

तपासनीस बाईंनी नेमणूकपत्र पाहिलं, पुढचं-मागचं पाहिलं, आणि जिथे आम्हाला वाटलं होतं की कोणी बघणार नाही नेमकं तिथे बोट ठेवलं. "हे अपघातानंतरचं आहे. सुई लागली तेव्हा नेमणूक नव्हती, पगार नव्हता. मग तेव्हा या कामगार होत्या हे मी कशावरून लिहू? नव्हत्याच, असं लिहिलं तर तुमचंही सोपं होईल. कुटुंबीय लिहून टाकते."

हे काम सोपं होत होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांची सुई हवेत थांबली होती.

"होत्या," मी म्हटलं. "कामगारच होत्या. मी पगार देत नव्हते, ती चूक माझी. तिचं जे काय असेल ते माझ्या नावावर लिहा."

तपासनीस बाई सासूबाईंकडे वळल्या. खुर्ची जवळ ओढली, शिंकल्या, नाक पुसलं. "आजी, तुम्हीच सांगा. तुम्ही इथे कोण?"

"न्याहारी होईपर्यंत सासू. मग कामगार."

"पगार नव्हता. मग तेव्हा मोबदला काय मिळत होता?"

सासूबाईंनी ससा खाली ठेवला. जरा विचार केला. "असं बघा बाई, माझ्या वयाच्या माणसाला लोक काय विचारतात? जेवलात का. गोळी घेतली का. थंडी वाजते का. चांगले आहेत हो सगळे, मायेने विचारतात. पण त्याचं उत्तर त्यांना आधीच माहीत असतं." त्यांनी माझ्याकडे मान केली. "ही मात्र हातात अस्वल घेऊन येते आणि म्हणते, आई, बघा हो, हा डोळा वर झाला का खाली? आणि मी सांगेपर्यंत थांबते. मी खाली म्हटलं की उसवते. तेवढं मिळत होतं."

दाराबाहेर मामांनीसुद्धा काही आक्षेप घेतला नाही. ह्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याने पुसायला लागले. तो स्वच्छ होता.

तपासनीस बाईंनी कागद मांडीवर घेतला. पेन थोडं घुटमळलं. मग त्या लिहिता लिहिता स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मोबदला, वस्तुरूपात."

"योग्य शब्द," हे चष्मा चढवत म्हणाले.

बाकीचं भराभर झालं. मला लेखी ताकीद मिळाली. दोघींचा विमा लगेच उतरवून प्रत कार्यालयात आणून द्यायची. टेलरबाईंनी 'दोघींचा' हा शब्द पुन्हा म्हणायला लावला. आणि सासूबाईंनी काम करताना बोटावर शिवणाची धातूची टोपी घातलीच पाहिजे.

"ती घातली की डोळा कुठे बसतो ते कळत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"कामगार आहात ना? मग नियम लागू."

सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. एखाद्या नियमाला इतक्या आनंदाने नाक मुरडताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. तपासनीस बाई निघाल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना तो ससा देऊ केला. बाई म्हणाल्या, घेता येत नाही. मग सशाकडे बघत क्षणभर थांबल्या, आणि मोठ्याने शिंकून गेल्या.

विम्याचे कागद आले त्या दिवशी सासूबाईंनी आपलं नाव बोटाने चाचपून वाचलं आणि कामाला बसल्या. दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर मात्र खिडकीशी गेल्याच नाहीत. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, जरा अवघडून.

"सूनबाई, आमच्यात रजा असते ना?"

"असते," मी म्हटलं. "का आई? बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय गं. चांगलं वाटतंय. म्हणून तर." त्या थांबल्या. "इतकी वर्षं झाली, मी कधी घेतलीच नाही. कशाची घेणार? तर आजची दे."

दिली. त्यांनी सज्जात खुर्ची नेली, समोर स्टूल ओढून त्यावर दोन्ही पाय ठेवले, आणि बसल्या. आत दुकानदाराची अस्वलं रांगेत पडली होती; मी त्यांतलं एक घेऊन खिडकीशी बसले. खालून मामांचा आवाज आला. ते रोजच्या फेरीला निघाले असावेत.

"काय काकू, आज काम नाही वाटतं?"

"आहे की!" सासूबाई वरून ओरडल्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "काम आहे म्हणून तर रजेवर आहे!"

माझ्या हातातला डोळा तिरका बसला. मी तो उसवला नाही. उद्या त्या कामावर येतील, तेव्हा विचारीन.